काकडी-मोझॅक विषाणूचे प्रभेद : ओळखीच्या कसोट्यांचा इतिहास आणि अहमदनगर जिल्ह्यातील टोमॅटो

१. उपोद्घात

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पश्चिम भागातील अकोले व संगमनेर हे तालुके प्रवरेच्या वरच्या खोऱ्यात मोडतात. येथील शेतकरी टोमॅटोचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतो. २०२० सालच्या एप्रिल-मे महिन्यांत, देशभर टाळेबंदी असताना, ह्या दोन तालुक्यांत आणि शेजारच्या जुन्नर भागात टोमॅटोची फळे एकसारखी पिकेनाशी झाली. फळांवर पिवळे, हिरवट व तांबूस चट्टे उमटू लागले, गर कठीण राहू लागला, आणि तोडणीला आलेला माल बाजारात कोणी घेईना. शेतकऱ्यांनी ह्या विकाराला ‘तिरंगा’ असे नाव दिले. थोड्याच दिवसांत ‘तिरंगा व्हायरस’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. इतकेच नव्हे, तर असे टोमॅटो खाल्ल्याने माणसांनाही बाधा होते अशी आवई उठली. वनस्पतींचे विषाणू माणसात रोग उत्पन्न करीत नाहीत हे शास्त्राला पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु माणसांच्या साथीने धास्तावलेल्या त्या दिवसांत ‘व्हायरस’ ह्या एका शब्दाने जे व्हावयाचे ते झाले, आणि ज्याचे पीक निरोगी होते त्याच्याही मालाकडे संशयाने पाहिले गेले. रोगट झाडांचे नमुने बंगलोरजवळील हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेकडे (स्थापना १९६७) गेले, आणि तेथील तपासणीत काकडी-मोझॅक विषाणू हे प्रमुख कारण म्हणून पुढे आले.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ‘तिरंगा’ हे एक नाव. ‘काकडी-मोझॅक विषाणू’ हे दुसरे. पहिले शेतात मिळाले, दुसरे प्रयोगशाळेत. ह्या दुसऱ्या नावाच्या पोटातही पुन्हा भेद आहेत, कारण ह्या विषाणूचे अनेक प्रभेद आहेत आणि ते सर्व सारखे वागत नाहीत. हे प्रभेद एकमेकांपासून वेगळे कसे ओळखावयाचे, ह्या प्रश्नाला गेल्या शंभर वर्षांत निरनिराळी उत्तरे मिळाली. त्या उत्तरांचा क्रम प्रस्तुत लेखात पाहावयाचा असून, विषाणूला मिळालेले प्रत्येक नाव हे त्याला घातलेल्या एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर असते आणि प्रश्न विसरून केवळ नाव घेतल्यास फसगत होते, हे दाखविण्याचा उद्देश आहे.

२. लक्षणांवरून ओळख

अमेरिकेत १९१६ साली डूलिटल आणि जॅगर ह्या दोघा संशोधकांनी स्वतंत्रपणे काकडीच्या एका संसर्गजन्य मोझॅक रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. रोगाचे नाव काकडीवरून पडले आणि विषाणूलाही तेच चिकटले. पुढे असे आढळून आले की काकडी ही ह्या विषाणूच्या असंख्य आश्रयदात्यांपैकी केवळ एक आहे. आज त्याची बाधा होणाऱ्या वनस्पतींची संख्या बाराशेहून अधिक मोजली जाते. त्यांत टोमॅटो, मिरची, केळी, भोपळावर्गीय वेली, शोभेची फुलझाडे व बांधावरची तणे हे सर्व येतात. म्हणजे प्रथम पाहिलेल्या झाडाचे नाव विषाणूला कायमचे मिळाले. त्याच्या स्वभावाचा त्यातून बोध होतोच असे नाही.

लक्षणांवरून नाव देण्याची ही रीत आपल्याकडील शेतकऱ्यालाही परकी नाही. मुगाच्या पानांवर पिवळेपणा पसरला की त्याला ‘केवडा’ म्हणतात, भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या की ‘हळद्या’, आणि मिरचीची पाने आखडून चुरगळली की ‘बोकड्या’ किंवा ‘चुरडा-मुरडा’. ही नावे समर्पक आहेत. डोळ्यांना जे दिसते ते ती नेमके सांगतात. परंतु त्यांत कारणाचा निर्देश नसतो. मुगावरील केवडा हा विषाणूचा, तर ज्वारीवरील केवडा हा बुरशीसदृश सूक्ष्मजीवाचा. नाव एक, रोग दोन. चुरडा-मुरडा तर कधी फुलकिडे व कोळी ह्यांच्या उपद्रवाने होतो, कधी पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूमुळे.

आरंभीच्या विषाणुशास्त्रज्ञांजवळही ह्याहून वेगळे साधन नव्हते. विषाणू सूक्ष्मदर्शकातून दिसत नव्हता. दिसत होते ते झाडावरील परिणाम. १९३४ साली प्राइस ह्याने काकडी-मोझॅकचे काही पिवळे प्रभेद वेगळे काढले. सर्वसाधारण विषाणूने बाधित झालेल्या झाडांवर क्वचित एखादा ठळक पिवळा ठिपका दिसे. तेवढाच भाग कापून, त्याचा रस नव्या रोपाला चोळला की नव्या रोपावर पिवळे लक्षण स्थिर होई. येथे ‘प्रभेद’ ही कल्पना प्रयोगाने हाती लागली : विषाणू बदलतो, आणि बदललेले रूप पुढच्या पिढीत टिकते.

३. वनस्पती हीच कसोटी

लक्षणे पाहणे आणि लक्षणांची परीक्षा घेणे ह्यांत अंतर आहे. होम्स ह्याने १९२९ साली तंबाखू-मोझॅक विषाणूचा रस निकोटियाना ग्लुटिनोसा ह्या झाडाच्या पानावर चोळला, तेव्हा रोग झाडभर न पसरता चोळलेल्या जागीच लहान मृत ठिपके पडले. ठिपके मोजता येतात. म्हणजे विषाणूचे प्रमाण अजमावता येते. शिवाय एकाच ठिपक्यातून घेतलेला विषाणू बहुधा एकाच मूळ कणापासून वाढलेला असतो. म्हणून मिश्र नमुन्यातून शुद्ध प्रभेद वेगळा काढण्याचेही हे साधन झाले.

काकडी-मोझॅकच्या बाबतीत हे काम प्रामुख्याने चवळीने आणि चाकवताच्या गोतातील काही वनस्पतींनी केले. बहुतेक प्रभेद चवळीच्या पानावर चोळले असता जागच्या जागी ठिपके उमटवितात. पण शेंगावर्गीय पिकांतून मिळालेले काही प्रभेद चवळीच्या सर्वांगात पसरतात. अशा निवडक वनस्पतींची एक मालिका लावावयाची, प्रत्येकीवर नमुना चोळावयाचा, आणि उत्तरांच्या नमुन्यावरून प्रभेद ठरवावयाचा, ही रीत रूढ झाली. १९५१ साली भारतीय संशोधक के. एस. भार्गव ह्यांनी ह्या विषाणूच्या चार प्रभेदांचे गुणधर्म तपासून ब्रिटनमधील नियतकालिकात प्रसिद्ध केले.

दुसरी कसोटी अधिक सूक्ष्म होती. मॅकिनी ह्याने १९२९ साली तंबाखू-मोझॅकविषयी असे नोंदविले होते की, सौम्य प्रभेदाने बाधित झालेल्या झाडात त्याच विषाणूचा पिवळा प्रभेद शिरू शकत नाही. आधीचा पाहुणा दाराशी उभा राहतो. ह्याचा उपयोग नाते ठरविण्यासाठी करता येतो : पहिल्या विषाणूने दुसऱ्याला अडविले तर दोघे एकाच कुळातले, न अडविले तर परके. १९३५ साली प्राइस ह्याने झिनियाच्या रोपांवर ही कसोटी लावून फ्लॉरिडातील सेलरीवरचा मोझॅक विषाणू हा वस्तुतः काकडी-मोझॅकचाच प्रभेद असल्याचे दाखविले. तोवर ते दोन निराळे रोग समजले जात होते.

महाराष्ट्रात ह्या विषाणूकडे लक्ष वेधले गेले ते केळीमुळे. १९५१ साली कामत व पटेल ह्यांनी तत्कालीन मुंबई राज्यातील केळीवरील ह्या रोगाची नोंद केली, आणि पुण्याच्या विषाणु-संशोधन केंद्रातील कपूर व वर्मा ह्यांनी पुढे त्याचा सविस्तर अभ्यास केला. रोग मुनव्यांतून एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो हे स्पष्ट झाल्यावर निरोगी बेण्याचा आग्रह धरणे हा उपाय आपोआप पुढे आला. ओळख बरोबर असली की उपाय ओळखीतूनच निघतो, ह्याचे हे जवळचे उदाहरण होय.

वनस्पतींच्या कसोटीला मर्यादा होत्या. तापमान बदलले, उजेड कमी-अधिक झाला, रोपाचे वय बदलले, की उत्तर बदले. त्याहून मोठी अडचण तात्त्विक स्वरूपाची होती आणि तिचा प्रत्यय दुसऱ्या एका पिकात आला. १९५० साली सुरू झालेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यामुळे ज्या उसाचे नाव ह्या जिल्ह्याशी कायमचे जोडले गेले, त्या उसाच्या मोझॅक विषाणूचे प्रभेद अमेरिकेत ‘अ’, ‘ब’, ‘ड’, ‘एच’, ‘आय’, ‘एम’ इत्यादी अक्षरांनी ओळखले जात. १९६६ साली ॲबट व टिपेट ह्यांनी त्यांची जी मांडणी केली, तिच्यासाठी वापरलेल्या उसाच्या निवडक जातींत कोइमतूरची ‘को २८१’ ही जात होती. ही मांडणी दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. परंतु १९८९ साली शुक्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूच्या आवरण-प्रथिनाच्या एका विशिष्ट टोकाविरुद्ध प्रतिपिंडे वापरून पाहिले, तेव्हा ‘एच’, ‘आय’ व ‘एम’ हे प्रभेद नसून ज्वारी-मोझॅक हा वेगळाच विषाणू असल्याचे निष्पन्न झाले. उसाच्या पानाने ज्यांना भावंडे मानले होते, त्यांना प्रतिपिंडांनी शेजारी ठरविले. उसाचे पान खोटे बोलत नव्हते. त्याला वेगळा प्रश्न विचारला गेला होता.

४. रक्तरसाची कसोटी

प्रतिपिंडांचा उपयोग वनस्पती-विषाणूंच्या ओळखीसाठी करण्याची सुरुवात हेलन पर्डी हिने १९२९ साली तंबाखू-मोझॅकवर केली. सशाच्या शरीरात विषाणूचा शुद्ध केलेला अंश टोचला असता त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. तो रक्तरस विषाणूशी मिसळला की साका बसतो. झाडाला आठवडे लागतात तेथे हे उत्तर काही तासांत मिळते, आणि ऋतुमानाचा त्यावर परिणाम होत नाही. पुढे आउक्टरलोनीच्या पद्धतीने अगारच्या पातळ थरात दोन विषाणू शेजारी-शेजारी ठेवून समोरून रक्तरस पसरू दिला जाऊ लागला. दोन्ही विषाणू एकरूप असतील तर साक्याच्या पांढऱ्या रेषा एकमेकींत सलग मिळतात. नाते असूनही भेद असेल तर मिळणीच्या जागी एक छोटा काटा पुढे निघतो. हा काटा म्हणजे प्रभेदाची खूण.

काकडी-मोझॅकने ह्या पद्धतीला बराच काळ दाद दिली नाही. त्याचे कण नाजूक असून क्षारांच्या सान्निध्यात सहज मोडतात, आणि सशात त्याविरुद्ध प्रतिपिंडे मोठ्या कष्टाने तयार होत. १९७२ साली ऑस्ट्रेलियातील फ्रँकी व हबिली ह्यांनी कणांना फॉर्माल्डिहाइडने स्थिर केले आणि ही अडचण दूर झाली. फ्रान्समध्ये देव्हेर्न्य व कार्दँ ह्यांनी १९७३ पासून अनेक नमुन्यांची प्रतिजन-रचना तपासून त्यांचे ठळक गट पाडले. पुढे ज्यांना ‘पहिला’ व ‘दुसरा’ उपगट असे संबोधले गेले, त्यांची बीजे येथे आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला मात्र ह्या कामी स्थान मिळाले नाही. सर्व प्रभेदांचे कण सुमारे २९ नॅनोमीटर व्यासाचे, गोल आणि एकसारखेच दिसतात.

१९७७ साली क्लार्क व ॲडम्स ह्यांनी वनस्पती-विषाणूंसाठी एलायझा पद्धत रूढ केली. तिच्यात प्रतिपिंडाला एंझाइम जोडलेले असते आणि उत्तर रंगाच्या रूपाने मिळते. एका दिवसात शेकडो नमुने तपासता येतात. आज शेताच्या बांधावर वापरता येणाऱ्या तपासपट्ट्याही प्रतिपिंडांच्या ह्याच तत्त्वावर चालतात. तथापि एका सूक्ष्म गोष्टीचे विस्मरण होऊ नये. प्रतिपिंड ओळखते ते विषाणूचे आवरण. एकाच गटाविरुद्ध अतिनेमके प्रतिपिंड वापरले तर दुसऱ्या गटाचा प्रभेद नजरेतून सुटतो, आणि सर्वांना ओळखणारे वापरले तर प्रभेद कळत नाही. ‘विषाणू आढळला नाही’ हे उत्तर वाचताना कोणते प्रतिपिंड वापरले हे विचारणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

५. उपग्रहाचा धडा

१९७२ साली फ्रान्सच्या अल्सास प्रांतात टोमॅटोची झाडे मोठ्या प्रमाणावर वाळून मेली. झाडांत सापडला तो काकडी-मोझॅक विषाणूच. एरवी हा विषाणू टोमॅटोला विद्रूप करतो, ठार करीत नाही. तेव्हा हा कोणी भयंकर नवा प्रभेद असावा असे मानणे साहजिक होते. १९७७ साली अमेरिकेतील केपर व वॉटरवर्थ ह्यांनी प्रयोगाने दाखविले की, झाडे मारण्याचे कारण विषाणूच्या स्वतःच्या जनुकांत नसून त्याच्या आवरणात शिरून प्रवास करणाऱ्या एका लहानशा आरएनएत आहे. सुमारे ३३५ घटकांचा हा ‘उपग्रह’ आरएनए विषाणूवाचून वाढू शकत नाही. विषाणूचे मात्र त्यावाचून काही अडत नाही. उपग्रहाचेही प्रकार आहेत : काही टोमॅटोला मारतात, तर काही उलट रोग सौम्य करतात.

ह्या शोधाने लक्षणांवर आधारलेल्या प्रभेद-निश्चितीचा पाया हादरला. तोच प्रभेद, उपग्रह सोबत असता, एक रोग उत्पन्न करतो आणि नसता दुसरा. लक्षण हे विषाणू, उपग्रह, झाडाची जात आणि हवामान ह्या साऱ्यांचे संयुक्त फळ ठरले.

६. अक्षरक्रमाचे वाचन

ह्या विषाणूची जनुकसंपत्ती तीन निरनिराळ्या आरएनएंत विभागलेली आहे. १९७० नंतर ह्या आरएनएंची थेट तुलना सुरू झाली. १९७८ साली गोंडा व सायमन्स ह्यांनी एका प्रभेदाच्या आरएनएची पूरक प्रत दुसऱ्याच्या आरएनएशी कितपत जुळते हे मोजले. १९८३ साली एडवर्ड्‌स व गोन्साल्विस ह्यांनी आवरण-प्रथिनाचे तुकडे करून सात नमुन्यांची तुलना केली. १९९२ साली ऑस्ट्रेलियात रिझोस व सहकाऱ्यांनी पीसीआर पद्धतीने जनुकाचा एक भाग वाढवून, त्यावर काप देणारे एंझाइम वापरून, उपगट ओळखण्याची सोपी रीत दिली. १९९९ साली रूसिंक व सहकाऱ्यांनी अक्षरक्रमाच्या आधारे पहिल्या उपगटाचे ‘१-अ’ व ‘१-ब’ असे दोन भाग केले. पैकी ‘१-ब’ हा मुख्यतः आशियात आढळतो आणि भारतातील बरेचसे नमुने त्यातच पडतात. पहिल्या व दुसऱ्या उपगटांच्या अक्षरक्रमांत साम्य ढोबळमानाने तीन-चतुर्थांश एवढेच आहे.

रक्तरस, प्रथिनांचे तुकडे, आरएनएची जुळणी आणि अक्षरक्रम ह्या चार स्वतंत्र मार्गांनी दोन उपगटांचा एकच मुख्य भेद पुढे यावा, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बोलींच्या अभ्यासात एका शब्दावरून काढलेली सीमा एका ध्वनीवरून काढलेल्या सीमेशी जुळतेच असे नाही. जेथे अनेक रेषा एकवटतात तेथेच बोलीची खरी सीमा मानतात. विषाणूच्या उपगटांची सीमाही अशीच अनेक रेषांच्या एकवटण्यातून विश्वसनीय ठरली.

तथापि अक्षरक्रमालाही अंतिम शब्द म्हणता येत नाही. आवरण-प्रथिनाचे जनुक तिसऱ्या आरएनएवर असते आणि नेहमीच्या तपासणीत बहुधा तेवढेच वाचले जाते. एका झाडात दोन प्रभेद एकत्र आले तर त्यांच्या आरएनएंची अदलाबदल होऊ शकते. मग पहिला आरएनए एका घराण्याचा आणि तिसरा दुसऱ्या घराण्याचा असा विषाणू निर्माण होतो. २००२ साली रूसिंक ह्यांनी तिन्ही आरएनएंच्या वंशावळी स्वतंत्रपणे मांडल्या, तेव्हा त्या एकमेकींशी तंतोतंत जुळल्या नाहीत. केवळ आवरणावरून गोत्र सांगणे म्हणजे आडनावावरून माणसाचा स्वभाव सांगण्यासारखे आहे.

७. प्रवरेच्या खोऱ्यात

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘तिरंगा’ ह्या नावाने शेतकऱ्याला काय मिळाले आणि काय मिळाले नाही? संकट ओळखण्यास, ते एकमेकांना कळविण्यास आणि सरकारदरबारी मांडण्यास ते नाव पुरेसे होते. किंबहुना त्या नावाखाली तक्रारी एकवटल्या म्हणूनच नमुने प्रयोगशाळेपर्यंत पोचले. परंतु उपाय त्या नावातून निघत नव्हता. टोमॅटोचे फळ डागाळणारे विषाणू अनेक आहेत आणि त्यांचे मार्ग निराळे आहेत. टोमॅटो-मोझॅक विषाणू बियाण्यातून आणि मजुराच्या हातांतून व अवजारांतून पसरतो. भुईमूग-शेंडेमर विषाणू फुलकिडे नेतात. टोमॅटोचा हरितरोग-विषाणू पांढरी माशी नेते. काकडी-मोझॅक मावा नेतो. मावाही तो कसा नेतो? रोगट पानाला क्षणभर सोंड लावून तो पुढच्या झाडावर जातो आणि तेवढ्यात काम होते. कीटकनाशकाने मावा मरण्यापूर्वीच विषाणू उतरलेला असतो. म्हणून फवारणीवर केलेला खर्च बहुतांशी वाया जातो. बांधावरची तणे काढणे, रोपवाटिका जाळीखाली ठेवणे, रोगट रोपे आरंभीच उपटणे हे उपाय तेथे अधिक कामाचे. एका नावाखाली चार रोग लपलेले असताना एकच औषध सर्वांवर मारण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला, त्याने नावाच्या संदिग्धतेची किंमत रोख मोजली.

‘काकडी-मोझॅक’ हे प्रयोगशाळेचे उत्तर ह्या दृष्टीने मोलाचे होते. त्याने वाहकाचा निर्देश केला आणि माणसांच्या आरोग्याविषयीची भीती निराधार ठरविली. पण उत्तर विषाणूच्या नावापाशी थांबले तर पुढील प्रश्न शिल्लक राहतात. उपगट कोणता? उपग्रह आरएनए सोबत आहे काय? त्या उन्हाळ्यातील उष्णतेचा लक्षणांत वाटा किती? हे प्रश्न केवळ विद्वत्तेच्या हौसेचे नाहीत. प्रतिकारक्षम वाण शोधणाऱ्याला आपल्या भागातील प्रभेद कोणता हे ठाऊक हवे, कारण एका प्रभेदाविरुद्ध टिकलेला वाण दुसऱ्यापुढे टिकेलच असे नाही. १९६८ साली राहुरीला स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठामुळे, जेथे टोमॅटोचे वाण निर्माण होतात आणि जेथे तो पिकविला जातो, ती स्थळे एकाच जिल्ह्यात आली आहेत. जिल्ह्यातील प्रभेदांची जिवंत नमुन्यांसह नोंद ठेवण्यास ह्याहून सोयीची भूमी शोधावी लागणार नाही.

८. समारोप

शंभर वर्षांचा हा इतिहास म्हणजे जुन्या चुकांच्या जागी नवे सत्य येण्याची सरळ कथा नव्हे. चवळीच्या पानाने रोगाचे वर्तन सांगितले, रक्तरसाने आवरणाचे रूप सांगितले, अक्षरक्रमाने वंश सांगितला. आणि वर्तन, रूप व वंश ह्या तीन गोष्टी दर वेळी एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणूनच आजही एखाद्या नव्या प्रभेदाचा अक्षरक्रम वाचल्यावर संशोधक तो पुन्हा टोमॅटोच्या रोपाला चोळून पाहतो. प्रभेदाच्या नावाशेजारी तो कोणत्या कसोटीने ठरविला हे लिहिले गेले, तर प्रयोगशाळेतून निघालेले नाव शेतापर्यंत पोचेपर्यंत आपला अर्थ टिकवून धरील. २०२० च्या उन्हाळ्यात अकोले-संगमनेरच्या शेतकऱ्याला नाव तत्काळ मिळाले होते. त्या नावामागची कसोटी मात्र त्याच्यापर्यंत पोचावयास उशीर झाला, आणि त्या मधल्या काळातच त्याचा माल शेतात पडून राहिला.